जमेची बाजू : एडीएचडी असलेल्या व्यक्ती व त्यांची कुटुंबे यांच्यासाठी काही नित्याच्या सवयी





वार्षिक अहवालात आरोग्यविषयक एक माहितीपर लेख देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. आजवर हे काम आपल्या डॉक्टरांनी केले. यंदा विश्वस्त मंडळाने ते माझ्यावर सोपविले. मी वैद्यकीय व्यवसायातला नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे बहुतेक आयुष्य हिशेबाच्या वह्या, हजेरीपुस्तके आणि फायली यांत गेले आहे. तथापि या विषयाशी माझा संबंध एका फायलीमुळेच आला आणि त्या फायलीत चूक माझी होती. यास्तव ही जबाबदारी मी नाकारली नाही. वैद्यकीय बाबी लिहिताना आपल्या बालमार्गदर्शन व मानसोपचार विभागांतील तज्ज्ञांचे साहाय्य मी घेतले आहे.

विकाराचे स्वरूप

अवधान टिकविण्यातील अडचण, अतिचंचलता आणि विचार करण्याआधीच कृती घडणे अशी लक्षणे असलेल्या, मेंदूच्या विकासाशी निगडित विकारास एडीएचडी या नावाने ओळखले जाते. काही मुलांत चंचलता ठळक असते, काहींत केवळ अवधानाची अडचण असते, तर काहींत दोन्ही आढळतात. वर्गात खिडकीबाहेर पाहत शांत बसणारी मुलगी कोणालाच त्रास देत नाही. त्यामुळे तिच्या अडचणीकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही, असे आमचे डॉक्टर आवर्जून सांगतात.

जगभरातील अभ्यासांचा एकत्रित विचार करता शाळकरी वयातील सुमारे ५ टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे अडीच टक्के आहे. त्याचे निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. लक्षणे किमान सहा महिने टिकून आहेत काय, वयाच्या बाराव्या वर्षाआधी त्यांपैकी काही दिसत होती काय, घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी ती आढळतात काय, आणि त्यांमुळे दैनंदिन जीवनात खरोखर अडथळा येतो काय, याची पालक व शिक्षक यांच्याकडून सविस्तर माहिती घेऊन तज्ज्ञ निदान करतात. २००७ साली प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटामुळे अशा मुलांकडे समाजाचे लक्ष वेधले गेले, ही समाधानाची बाब होय. मात्र त्या चित्रपटातील मुलाची मूळ अडचण वाचन-लेखनाची, म्हणजे डिस्लेक्सियाची होती. ती व एडीएचडी या दोन भिन्न गोष्टी आहेत, जरी एकाच मुलात दोन्ही असू शकतात.

लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांसंबंधी व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनी ‘नैतिक नियंत्रणातील उणीव’ असा शब्दप्रयोग केला होता. आज एवढे निश्चितपणे सांगता येते की हा दोष नीतीचाही नाही व संस्कारांचाही नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की, या लक्षणांबाबत व्यक्तीव्यक्तींमध्ये जो फरक असतो त्यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूच्या बाह्यावरणाची वाढ इतर मुलांच्याच क्रमाने, परंतु सुमारे तीन वर्षे उशिरा होत असल्याचे आढळले. सर्वाधिक विलंब होता तो मेंदूच्या पुढील भागात, म्हणजे आवर घालणे व नियोजन करणे ही कामे जेथून चालतात तेथे. दहा वर्षांच्या मुलाकडून आपण दहा वर्षांच्या शिस्तीची अपेक्षा धरतो, आणि आवर घालण्याची त्याची क्षमता मात्र अद्याप तेथवर पोहोचलेली नसते. हे एकदा ध्यानात आले की घरातील पुष्कळसा राग ओसरतो.

नावे टाकलेली वही

आता त्या फायलीविषयी. आपल्या रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याच्या अनुमतीने, त्यांची ओळख पटेल असा तपशील वगळून, हे लिहीत आहे.

ते अभिलेख कक्षात काम करीत. केसपेपर चुकीच्या गठ्ठ्यात जाणे, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उशीर होणे, सांगितलेल्या तीन कामांपैकी एक विसरणे, असे वारंवार घडत असे. अकरा वर्षांत त्यांना चार मेमो दिले गेले. चारही मेमोंवर माझी स्वाक्षरी आहे. चौथ्यात मी ‘हेतुपुरस्सर निष्काळजीपणा’ असे शब्द वापरले होते.

पुढे त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला शाळेच्या सांगण्यावरून आपल्याच बालमार्गदर्शन विभागात आणण्यात आले. तिची माहिती घेताना डॉक्टरांनी प्रथेप्रमाणे आईवडिलांच्या बालपणाविषयीही विचारले. मुलीचे निदान झाले आणि काही आठवड्यांनी मानसोपचारतज्ज्ञांनी वडिलांचेही केले. हा विकार कुटुंबांत चालत येत असल्याने, मुलाच्या निमित्ताने आई किंवा वडील यांचे निदान होणे ही तज्ज्ञांना परिचित अशी गोष्ट आहे. ते गृहस्थ निदानाचा कागद घेऊन माझ्या कार्यालयात आले व म्हणाले, “साहेब, हे तुम्हांला दाखवावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. नोकरी जाईल अशी भीती वाटत होती.”

त्या सायंकाळी मी त्यांची फाईल पुन्हा काढली. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत दाखल रुग्णांच्या नातेवाइकांना आत येता येत नव्हते. तेव्हा याच कर्मचाऱ्याने रात्र-रात्र थांबून घरोघरी दूरध्वनी केले होते व प्रत्येक रुग्णाची खुशाली कळविली होती. कोणाचा मुलगा कोठे नोकरीस आहे, कोणाच्या घरी कोण एकटे आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. फायलीत त्याविषयी एक ओळही नव्हती. व्यापाऱ्याच्या वहीत केवळ नावे बाजू लिहिलेली असेल व जमा बाजू कोरी असेल, तर कोणताही हिशेबनीस ती वही खोटी ठरवील. मी मात्र अशी वही अकरा वर्षे खरी मानून चाललो होतो.

आमच्या समुपदेशकांचे म्हणणे असे की, एडीएचडी असलेल्या अनेक मुलांची घरातील व शाळेतील वही अशीच असते. ‘डबा विसरलास’, ‘पुन्हा सांडलेस’, ‘लक्ष कुठे आहे’ ही वाक्ये दिवसभर कानावर पडतात. प्रत्येक वाक्य त्या क्षणापुरते खरेही असते. परंतु वर्षानुवर्षांची बेरीज होते ती ‘मीच वाईट आहे’ अशी. मूळ विकार मेंदूविकासाचा आहे. ही दुसरी जखम मात्र आपण देतो, म्हणून ती टाळणेही आपल्या हाती आहे. पुढील सवयींचा हेतू एवढाच आहे.

सकारात्मक मानसशास्त्र म्हणजे काय

मार्टिन सेलिगमन हे १९९८ साली अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष असताना त्यांनी असा विचार मांडला की, मानसशास्त्राने केवळ व्याधींचा अभ्यास करून थांबू नये, तर माणसाचे गुण, समाधान आणि नातेसंबंध यांचाही तितक्याच काटेकोरपणे अभ्यास करावा. ‘सगळे छान आहे’ असे स्वतःला बजावीत राहणे म्हणजे सकारात्मक मानसशास्त्र नव्हे. अडचण आहे तशी मान्य करून, जे चालते आहे त्याचीही नोंद ठेवणे हा त्याचा गाभा आहे. हिशेबाच्या भाषेत, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू लिहिणे.

या सवयी औषधोपचाराला पर्याय नाहीत, हेही येथेच स्पष्ट करतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवरील १४ महिन्यांच्या अमेरिकी अभ्यासात मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधांचा परिणाम अधिक दिसून आला. औषधांना वर्तनोपचाराची जोड मिळालेल्या मुलांना तुलनेने कमी मात्रा पुरली. औषध द्यावे की नाही, कोणते व किती, हा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचा आहे. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ते सुरू करू नये व बंदही करू नये.

नित्याच्या सात सवयी

१. रात्री तीन जमा नोंदी. दिवसभरात चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी आठवाव्यात व प्रत्येक गोष्ट ‘का घडली’ हेही सांगावे. सेलिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सर्वसामान्य प्रौढांनी एक आठवडा हे केले. त्यांच्या समाधानात झालेली वाढ व औदासीन्यात झालेली घट सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचे आढळले. लिहिण्याचा कंटाळा असलेल्या मुलाला वही घेऊन बसवू नये. जेवणाच्या ताटावर बोलून सांगितले तरी पुरे, आणि आई-वडील, आजी-आजोबा यांनीही आपापल्या नोंदी सांगाव्यात. ‘का’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘आज गणित पूर्ण झाले, कारण मी मध्ये दोनदा उठून पाणी पिऊन आलो’ असे मूल म्हणते, तेव्हा स्वतःला कसे चालवावे याचा एक मार्ग त्याला सापडलेला असतो.

२. नेमकी आणि तत्काळ शाबासकी. एडीएचडी असलेल्या मुलाच्या दृष्टीने दूरच्या बक्षिसाची किंमत फार लवकर घटते. ‘वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळाले तर सायकल’ हे आश्वासन आज सायंकाळच्या गृहपाठाला उपयोगी पडत नाही. ‘शहाणा आहेस’ ही मोघम स्तुतीही फारशी पोहोचत नाही. ‘हाक मारल्याबरोबर खेळ थांबवून आलास, ते मला आवडले’ हे त्याच क्षणी म्हटलेले वाक्य पोहोचते. शाबासकीला ‘पण’ जोडू नये. ‘आज वेळेवर उठलास, पण काल का नाही उठलास?’ असे म्हणणे म्हणजे जमा केलेली रक्कम त्याच हाताने काढून घेणे होय.

३. ‘जर-तर’ची योजना. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवून दिले की, ‘मी अभ्यास करीन’ या संकल्पापेक्षा ‘दिवेलागण झाली, की मी अभ्यासाच्या टेबलाशी बसेन’ ही नेमकी योजना अधिक वेळा पार पडते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा योजनेमुळे एडीएचडी असलेल्या मुलांनाही स्वतःला आवरणे सुलभ झाल्याचे दिसून आले. एका वेळी एकच योजना ठेवावी आणि ती जेथे लागते तेथेच चिकटवावी. दप्तर भरण्याची यादी भिंतीवरील वेळापत्रकात नको, दप्तराच्या झाकणावर हवी. किल्ल्यांसाठी दारामागे खुंटी हवी. वेळ जाणवत नसेल तर मोठ्या काट्यांचे घड्याळ समोर ठेवावे. स्मरणशक्तीवरील भार असा वस्तूंवर सोपविणे म्हणजे लाड नव्हे. दृष्टी कमी असलेल्याला आपण चष्मा देतोच.

४. दहा मिनिटे केवळ सहवासाची. दिवसातून दहा मिनिटे मुलाने निवडलेला खेळ त्याच्या पद्धतीने खेळावा. त्या वेळेत शिकवणे, दुरुस्त करणे व प्रश्न विचारणे बंद. पालकांसाठी असलेल्या अनेक मान्यताप्राप्त प्रशिक्षणक्रमांचा आरंभ अशाच वेळेपासून होतो. दिवस वाईट गेला म्हणून ही दहा मिनिटे शिक्षेखातर रद्द करू नयेत. वाईट दिवशीच त्यांची गरज अधिक असते.

५. गुणांना काम. प्रत्येक मुलाचे दोन-तीन स्वाभाविक गुण ओळखून त्यांना घरात खरे काम द्यावे. धीट व बोलका मुलगा पाहुण्यांचे स्वागत उत्तम करील. कुतूहल असलेली मुलगी बिघडलेला टॉर्च उघडून पाहील. पीटरसन व सेलिगमन यांनी २००४ साली अशा २४ गुणांची वर्गवारी प्रसिद्ध केली. तीत वक्तशीरपणा नावाचा स्वतंत्र गुण नाही. औदार्य, विनोद, शौर्य व कृतज्ञता मात्र आहेत. त्याचबरोबर ‘हा विकार म्हणजे वरदानच आहे’ असेही मुलाला सांगू नये. त्याचा त्रास खरा आहे, आणि तो नाकारल्यास मूल आपल्यावर विश्वास ठेवीत नाही.

६. शरीराची देखभाल. झोपण्या-उठण्याची ठरलेली वेळ आणि दररोजचे खेळणे यांमुळे अवधानाला मदत होते. अभ्यास झाला नाही म्हणून मैदान बंद करणे ही अनेक घरांतील शिक्षा, या मुलांच्या बाबतीत उपायच काढून घेण्यासारखी आहे.

७. चुकीनंतरचे शब्द. सवयी मोडतील, हे गृहीत धरावे. लंडन येथील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी साधी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र विशेष नुकसान झाले नाही. ते प्रौढ सर्वसामान्य होते. आपल्या मुलांना अधिक सवड द्यावी. चुकल्यावर ‘तू नेहमीच असा’ याऐवजी ‘आज राहिले, उद्या कोणती खूण ठेवू या?’ असे विचारावे. मोठ्यांनीही स्वतःशी याच शब्दांत बोलावे.

पालकांची स्वतःची जमा

हे सारे वाचून एखाद्या मातेला वाटेल की कामांच्या यादीत आणखी सात कामांची भर पडली. तसे मुळीच नाही. एक सवय निवडावी व दोन महिने तीच धरावी. पती-पत्नींपैकी एकावरच सगळा भार पडत असेल, आणि आपल्याकडे तो बहुधा आईवरच पडतो, तर आठवड्यातील दोन सायंकाळी तरी तो दुसऱ्याने उचलावा. ‘आईचे लक्ष नाही म्हणून मूल असे झाले’ हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांनी कायमचे सोडून द्यावे. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही.

काही खुणा दिसल्यास सवयींवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे यावे. मूल दीर्घकाळ उदास आहे, शाळेत जाण्यास साफ नकार देते, स्वतःला इजा करण्याची किंवा जगणे नको अशी भाषा बोलते, अथवा मोठी व्यक्ती व्यसनाकडे वळली आहे, या त्या खुणा होत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

देणगीदारांसाठी चार शब्द

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. त्यामुळे या कुटुंबांना आधार शोधताना अधिक पायपीट करावी लागते. बालमार्गदर्शन विभागात यंत्रसामग्री जवळजवळ नाही. तेथे खर्च होतो तो समुपदेशकांच्या वेळेचा. एका मुलासाठी पालकांशी, मग शिक्षकांशी, मग पुन्हा पालकांशी बोलावे लागते. सोनोग्राफी यंत्रासाठी देणगी मागणे मला सोपे जाते, कारण यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. कोणा आईशी शांतपणे बोललेल्या पाऊण तासावर पाटी लावता येत नाही. तथापि तीस वर्षे हिशेब पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, तो पाऊण तास हीदेखील संस्थेची मालमत्ताच आहे, ताळेबंदात ती दिसत नसली तरी.

ज्या कर्मचाऱ्याविषयी वर लिहिले, ते आजही आपल्या सेवेत आहेत. उपचार चालू आहेत. दिवसअखेरीस गठ्ठा लावण्याऐवजी प्रत्येक केसपेपर हातात येताच जागेवर ठेवण्याची पद्धत आम्ही घातली व त्यांच्या टेबलावर रंगीत खणांची मांडणी केली. दुपारनंतर ते नातेवाइकांच्या चौकशी खिडकीवर बसतात. चुका अजूनही होतात, परंतु आता त्या लगेच लक्षात येतात. त्यांच्या फायलीतील चार मेमो नियमानुसार मला काढता येत नाहीत. त्यांच्यामागे २०२० सालच्या त्या रात्रींची नोंद मात्र मी माझ्या स्वाक्षरीने जोडली आहे. ती पाच वर्षांपूर्वीच करावयास हवी होती.

आपल्या घरात, वर्गात वा कार्यालयात अशी एखादी कोरी जमा बाजू असेल, तर आज रात्री तीत एक तरी नोंद करावी, ही नम्र विनंती. बालमार्गदर्शन विभागाविषयी अधिक माहिती बाह्यरुग्ण विभागातील चौकशी कक्षात मिळेल. 

आपला स्नेहांकित,
प्रशासकीय अधिकारी